पिल्लू उशिरा लागतंय? लागू द्या

तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि हरभरा घाट्यांवर आला की अमरावती-अकोल्याकडच्या गावांत रात्रीची जागल सुरू होते. कुणी मचाणावर, कुणी खोपडीत, कुणी धुऱ्यावर शेकोटी पेटवून. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप एका रात्रीत तुरीचे शेंडे मोडून जातो, डुकरं हरभऱ्याच्या ओळीच्या ओळी उकरून टाकतात. अशा वेळी सोबतीला कुत्रं असावं असं ज्याला त्याला वाटतं. मग श्रावणात आणलेलं पिल्लू पुढच्या आषाढापर्यंत मोठं होतं, दिसायला कुत्र्याएवढं दिसू लागतं, आणि तक्रार सुरू होते: हे काही लागत नाही. जनावर धुऱ्यावर उभं आहे आणि हे खोपडीत झोपलंय. मागे लावलं तर चार पावलं जाऊन परत येतं. दुसऱ्याचं कुत्रं पाहा कसं तुटून पडतं.

माझं सांगणं एवढंच आहे, की हे पिल्लू बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं. ते अजून वाढतंय. आणि ते लवकर लागावं म्हणून आपण जे उपाय करतो, त्यातले निम्मे त्याला कायमचं बिघडवतात. उरलेले त्याला रक्ताच्या वाटेला लावतात, ते त्याहून वाईट.

आधी वयाचं पाहू. दहा महिन्यांचं पिल्लू अंगानं भरतं, पण डोक्यानं ते पोरच असतं. गावठी कुत्र्याला पूर्ण समज यायला दीड वर्ष लागतं, उंच हाडाच्या जातीला दोन वर्षंही लागतात. सहाव्या ते पंधराव्या महिन्यात बहुतेक कुत्र्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं. काल ज्या आवाजावर भुंकलं, त्याच आवाजाला आज शेपूट घालतं. एखादं अचानक भित्रं होतं, एखादं सांगितलेलं विसरल्यासारखं वागतं. हा काळ सरतो. या काळात मालकाला धीर असला तर पुढची आठ-दहा वर्षं राखणीची सोय होते, आणि धीर नसला तर कुत्रं मालकालाच भ्यायला शिकतं.

आता सुस्तीची दुसरी कारणं तपासा, कारण ती वयापेक्षा सोपी आहेत आणि आपण ती बघतच नाही. पिल्लाचं पोट फुगलेलं आणि बरगड्या दिसतायत का? मग जंत आहेत. हिरड्या पांढुरक्या दिसतात का? कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का? गोचिडांपासून येणाऱ्या तापानं कुत्रं आतून खंगतं, रक्त कमी होतं, आणि आपण म्हणतो आळशी आहे. नुसत्या भाकरी-ताकावर वाढलेल्या पिल्लाच्या अंगात रात्रभर जागायचा दम येणार कुठून? वरण, अंडं, उकडलेलं मांस, जे परवडेल ते द्या, पण शिजवलेलं हाड देऊ नका. ते चिरफाळतं आणि आतड्यात घुसतं. जंताचं औषध आणि गोचिडांचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्या. ढोरांसाठी आणलेलं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजानं टोचायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, तिच्यात कुत्री दगावतात. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत. पिल्लाला एकदा दाखवून आणा. त्याच्या मागे जाऊन टाळी वाजवून पाहा, ऐकू येतं ना. हे सगळं झाल्याशिवाय त्याच्या कामाबद्दल बोलूच नये.

ऋतूचंही तसंच. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी पिल्लू नेऊन म्हणायचं, घे वास, लाग माग! तापलेल्या कोरड्या मातीवर वास टिकत नाही, तो उडून जातो. ओल असली, दव पडलेलं असलं, सकाळची थंड हवा असली की वास जमिनीलगत राहतो. म्हणून शिकवायचे खरे दिवस पाऊस उघडल्यापासून माघापर्यंतचे, आणि वेळ पहाटेची किंवा दिवस बुडतानाची. मे महिन्यात नापास केलेलं पिल्लू कार्तिकात पुन्हा नेऊन पाहा. बऱ्याचदा तेच पिल्लू धुऱ्यावर नाक टेकवून चालू लागतं.

जातीचाही विचार करा. अलीकडे काही हौशी मंडळी कारवानी, पश्मी, मुधोळ अशी लांब पायांची कुत्री आणतात. मुधोळ हाउंडवर २००५ साली टपाल तिकीट निघालं, लष्करानं मेरठच्या आपल्या केंद्रात या जातीला शिकवून पाहिलं, त्यामुळे नाव मोठं झालं आणि किंमतही. पण ही कुत्री नाकापेक्षा डोळ्यावर धावणारी आहेत. मोकळ्या माळावर जनावर दिसलं की ती सुटतात. डोक्याएवढ्या तुरीत, गच्च पऱ्हाटीत त्यांना दिसणार काय? तिथं ती उभी राहतात आणि आपण त्यांना मंद म्हणतो. शिवाय त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर केस कमी, चामडी पातळ, पौषाच्या थंडीत रात्रभर वावरात राहणं त्यांना सोसत नाही. राखणीसाठी माझं मत विचाराल तर आपलं गावठी कुत्रंच घ्यावं. ते इथल्या उन्हाला, इथल्या काट्याकुट्यांना सरावलेलं असतं, कमी खाण्यात भागवतं, आणि अनोळखी चाहूल लागली की भुंकतं. आपल्याला भुंकणंच तर हवं आहे.

यावर थोडं थांबून बोललं पाहिजे. आपण म्हणतो कुत्रं शिकारीला लागत नाही. पण शिकार हवी कुणाला? शेतकऱ्याला पीक वाचवायचं आहे. रोही पडला की पीक वाचतं असं नाही, रोही आलाच नाही की वाचतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक झाडणं नाही. जनावर फाशात अडकवणं, त्याला आमिष दाखवणं, त्याचा पाठलाग करून हाकणं, विष घालणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोजलं जातं. सुट्टीच्या दिवशी पाच-सहा कुत्री घेऊन माळावर सशामागे जाणारी पोरं याला खेळ समजतात. तो गुन्हा आहे, आणि तो घडतो तेव्हा कुत्रं मालकाच्या नावानं ओळखलं जातं.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगेन. एकदा मारायची चटक लागलेलं कुत्रं राखणीच्या कामाचं राहत नाही. ते वावर सोडून जनावराच्या मागे नाल्यापलीकडे जातं आणि इकडे दुसरा कळप मोकळ्या वावरात शिरतो. हळूहळू ते मालकाशिवायही जाऊ लागतं, गावातली दोन-चार सोबत घेतं, हरणाची पाडसं मारतं, मग कुणाच्या तरी बकऱ्या मारतं. पिल्लाला ‘चव लागावी’ म्हणून रक्त चाटवणारे, जिवंत घोरपड किंवा ससा पुढ्यात टाकणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. पिल्लू त्यातून धीट होत नाही, आणि त्या मुक्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच.

उपाशी ठेवणं हा दुसरा उपाय. भूक लागली की लागेल, असा हिशेब. उपाशी कुत्रं राखण करत नाही, ते अन्न शोधतं. वावरातली भाकर खाऊन ते गावाच्या उकिरड्याकडे निघून जातं. आणि तिसरा उपाय म्हणजे दगड, काठी, साखळी. जनावर आलं आणि पिल्लू उठलं नाही म्हणून त्याला मारलं, तर त्याच्या डोक्यात काय जुळतं? जनावर आलं की मला मार पडतो. पुढच्या वेळी चाहूल लागताच ते लांब निघून जातं. मग त्याला दिवसभर बांधून ठेवतात, म्हणजे रात्री चिडून भुंकेल. कायमचं बांधून ठेवून कुत्र्याला फिरवायचं नाही, हे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात क्रूरता म्हणूनच लिहिलेलं आहे. आणि बांधलेलं कुत्रं कुणावरही भुंकतं, वाऱ्यावरही. त्या भुंकण्यावर मग जागल्या उठेनासा होतो.

मग शिकवायचं कसं?

मला या बाबतीत वनखात्याच्या श्वानपथकांकडून शिकण्यासारखं वाटतं. २००८ पासून ट्रॅफिक या संस्थेनं देशभरच्या वनखात्यांसाठी वास काढणारी कुत्री तयार करायला घेतली. वाघ-बिबट्याची कातडी, हाडं, हस्तिदंत शोधून काढणारी ही कुत्री. आपल्या मेळघाटासारख्या जंगलांना त्यांची गरज किती आहे हे २०१३ साली वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडी पडली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. या कुत्र्यांचं शिक्षण सहा-नऊ महिन्यांच्या वयात सुरू होतं आणि पुढे सात ते नऊ महिने चालतं. एका कुत्र्यामागे दोन माणसं असतात, तीच माणसं, शेवटपर्यंत. आणि एवढं कडक काम शिकवताना बक्षीस काय असतं? चेंडू. वास सापडला की खेळायला मिळतं, पाठीवर हात फिरतो. रक्त नाही, मार नाही, उपासमार नाही. शिकलेल्या माणसांच्या हातून जे व्हायला इतके महिने लागतात, ते आपल्या पिल्लानं आठ दिवसांत करावं ही अपेक्षा बरोबर नाही.

घरच्या पिल्लासाठी तीच रीत साधी करून घ्या. शिकवणारा माणूस एकच ठेवा, जो जागलीला जातो तोच. पिल्लाचं रात्रीचं खाणं घरी न घालता वावरात, खोपडीजवळ घाला. कुत्रं जिथं खातं आणि झोपतं ती जागा स्वतःची मानतं. रोज दिवस बुडताना त्याला घेऊन धुऱ्याधुऱ्यानं एक पूर्ण फेरा मारा, रोज त्याच वाटेनं. सुरुवातीला दोरीनं. कुठं डुकरांनी उकरलेलं दिसलं, रोह्यांच्या लेंड्यांचा ढीग दिसला, कुंपणाच्या काट्याला केस अडकलेले दिसले, तर तिथं थांबा. पिल्लाला हुंगू द्या. घाई करू नका, ओढू नका, बोलूही नका. त्यानं कान टवकारले, अंगावरचे केस उभे केले, बारीकसा गुरगुराट केला, की लगेच शाबासकी द्या. पहिली भुंक निघेल ती बहुतेक उंदराच्या खुडबुडीवर किंवा पानांच्या सळसळीवर. तीही चालेल. उठा, टॉर्च लावा, दोन पावलं त्याच्यासोबत जा. आपण भुंकलो की मालक उठतो, हे त्याला कळणं हाच पहिला धडा आहे. जे जागले कूस बदलून ‘गप रे’ म्हणतात, ते पिल्लाला गप बसायलाच शिकवतात.

जवळपास कुणाचं जाणतं, शांत कुत्रं असेल तर आठ-पंधरा रात्री त्याच्या संगतीत पिल्लू ठेवा. मोठं कुत्रं कशावर उठतं आणि कशाकडे दुर्लक्ष करतं, हे पिल्लू त्याच्याकडे बघून उचलतं. ते आपल्याला शिकवता येत नाही. मात्र सारख्या वयाची दोन पिल्लं एकत्र घेऊ नका, ती एकमेकांतच रमतात. आणि मारकं, पळणारं कुत्रं गुरू म्हणून नकोच.

आवाजाचं विशेष सांगतो. जनावरं हुसकायला आपल्याकडे सुतळी बॉम्ब लावतात, पाइपची कार्बाइड बंदूक उडवतात, डबे बडवतात. पिल्लू पायाशी असताना पहिला बार काढला तर ते त्या रात्री पळेल आणि पुन्हा वावरात यायला तयार होणार नाही. पुष्कळ पिल्लं अशीच वाया जातात, आणि मालकाला कारणही कळत नाही. आधी लांबून आवाज ऐकू द्या, ते खात असताना. दुसऱ्या कोपऱ्यावर कुणाला डबा वाजवायला सांगा, पिल्लानं मान वर केली आणि पुन्हा खायला लागलं की ठीक. हळूहळू अंतर कमी करा. दिवाळीच्या चार दिवसांत त्याला घरात ठेवा, दार लावून. आधीच बुजलेलं असेल तर महिनाभर आवाजाचं नावच नको. फक्त फेरा आणि खाणं.

डुकरांपासून पिल्लू लांब ठेवा. पूर्ण वाढलेल्या नराचे सुळे कुत्र्याचं पोट फाडतात, आणि पिल्लं सोबत असलेली मादी तर माणसावरही येते. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्यानं लांबून भुंकावं आणि तुमच्याजवळ परत यावं. परत येणं हे मी राखणदार कुत्र्याचं सगळ्यात मोठं काम मानतो. नाव घेतलं की यायला रोज शिकवा, आलं की हातानं घास द्या, आणि उशिरा आलं तरी रागावू नका, कारण रागावलात तर ते पुढच्या वेळी येणारच नाही. मर्यादा धुऱ्याची ठेवा. धुऱ्याच्या आत भुंकावं, धुरा ओलांडला की हाक.

जंगलाला लागून वावर असेल, अकोट-तेल्हाऱ्याची वरची गावं, चिखलदरा-परतवाड्याची बाजू, किंवा अमरावती शहराजवळ पोहरा-मालखेडचा भाग, तर बिबट्याचं भय खरं आहे. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. पिल्लाला अंधारात कडेला बांधून ठेवणं म्हणजे त्याला मरायला ठेवणं. ते खोपडीत, माणसाजवळ झोपू द्या. गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा घाला, मेंढपाळ घालतात तसा. शेजारच्या वावरात कुणी कुंपणाच्या तारेत वीज सोडत असेल तर त्याला आताच अडवा. त्या तारेला कुत्रं, जनावर आणि माणूस सारखेच. सौरकुंपणाचा झटका जीव घेत नाही, आणि जंगलाशेजारच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी मदत मिळते. पिकाचं नुकसान झालं तर वाट न बघता वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या. कुत्र्याकडून आपण जी भरपाई काढू पाहतो, तिचा हक्काचा रस्ता तो आहे.

मला फासेपारध्यांचा इथं आवर्जून उल्लेख करायचा आहे. इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांत पारधीही आले. आज अकोला-वाशीमच्या माळरानांवर याच समाजातली माणसं गवताचे माळ राखतात, तणमोर पक्षी कुठं दिसला, अंडी कुठं आहेत, हे टिपतात. माग काढण्याची त्यांची विद्या तीच आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. ती आता राखणीला लागली. जवळच्या बेड्यावर असा जाणता माणूस असेल तर पिल्लू घेऊन त्याच्याकडे जा, मानानं विचारा. पायाच्या ठशावरून जनावर कोणतं, किती वेळापूर्वी गेलं, कोणत्या वाटेनं परत येईल, हे तो सांगेल. कुत्र्याला कुठं बसवायचं हे त्यावरून ठरतं. वाऱ्याच्या कोणत्या बाजूला मचाण हवं, हेही.

आणि एवढं सगळं करून दोन वर्षांचं झालं तरी काही कुत्री लागत नाहीतच. काही जात्याच मवाळ असतात. अशा कुत्र्याला कोठ्यावर राहू द्या, अंगणात राहू द्या, घरी पोरांसोबत राहू द्या. त्याला बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावात किंवा जंगलाच्या कडेला सोडून येऊ नका. आज माळावर हरणांमागे लागणाऱ्या मोकाट टोळ्यांत अशीच सोडून दिलेली कुत्री असतात. त्यांच्यासोबत रोगही जातो. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांमध्ये सहज फिरणारा रोग आहे. मेळघाटच्या पायथ्याशी पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याला त्याची लस दिलेली असणं, म्हणजे जंगलातल्या वाघ-बिबट्यांची आणि रानकुत्र्यांचीही राखण आहे.

लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू होते, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, नंतर दर वर्षी. वावरातलं कुत्रं कोल्ह्या-मुंगसांच्या तोंडी लागतं, म्हणून हे टाळू नका. जागलीवर कुणाला कुत्रं किंवा कोल्हा चावला, नुसता ओरखडा आला, तरी जखमेवर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. खोपडीत साबणाची वडी आणि पाण्याची कॅन आजच नेऊन ठेवा.